जुना मायक्रोमीटर घेताना : शून्य जुळले म्हणजे माप जुळले असे नाही

व्यापाराच्या पानावर सूत, कापड, यंत्रमाग आणि विजेचे दर याखेरीज दुसऱ्या विषयावर लिहावे असे मला आजवर वाटले नव्हते. मी कापडाचा व्यापारी आहे, लेथ चालवणारा कारीगर नाही. परंतु एका जुन्या मापयंत्राने माझ्या भाच्याचे नुकसान केले, आणि दुसऱ्या एका जुन्या मापयंत्रामुळे माझ्या हातून दुसऱ्यांचे नुकसान झाले. या दोन्ही प्रकारांतून जे शिकायला मिळाले ते आपल्या कारीगर व व्यापारी बांधवांपुढे ठेवणे मला जरुरीचे वाटते. जुना माल घेणे ही आपल्यापैकी बहुतेकांची मजबुरी आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र जुने यंत्र पारखण्याची आपली पद्धत चुकीची आहे, एवढे मी आता खात्रीने सांगू शकतो.

भाच्याची हकिकत आधी सांगतो. त्याने आयटीआयमधून टर्नरचा कोर्स केला, चार वर्षे दुसऱ्याच्या लेथवर नोकरी केली आणि मग मालेगावात स्वतःचा जुना लेथ बसवला. लेथ बसवतानाच हातातले पैसे संपले. मोजण्याचे साहित्य घेण्यासाठी तो मुंबईला गेला आणि तिथल्या जुन्या बाजारातून शून्य ते २५ मिलिमीटरचा, मायक्रॉन वाचता येणारा एक जपानी मायक्रोमीटर घेऊन आला. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी, फ्रेम काळी चकचकीत, डबी शाबूत आणि डबीत लहानशी चावीसुद्धा. दुकानदाराने त्याच्यासमोर मायक्रोमीटर मिटवून दाखवला. शून्याची रेघ शून्यावर तंतोतंत बसली. "बेटा, केसाचाही फरक नाही," असे तो म्हणाला. भाच्याने पैसे मोजले.

काही महिन्यांनी त्याला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. नाशिकच्या एका कारखान्याला १२ मिलिमीटर व्यासाच्या ३०० पिना हव्या होत्या. नकाशावर '१२ एच ७' असे लिहिलेले होते. कारीगरांना हे ठाऊक आहेच, पण व्यापारी वाचकांसाठी सांगतो की याचा अर्थ पीन १२ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये आणि ११.९८२ च्या खाली उतरता कामा नये. सगळी सूट १८ मायक्रॉनची, आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. भाच्याने पिना लेथवर काढल्या, शेवटचा हात शेजारच्या ग्राइंडरवर घेतला आणि प्रत्येक पीन ११.९९० च्या आसपास ठेवून पाठवली. आठ दिवसांनी जवळजवळ सगळा माल परत आला. पिना जाड आहेत, भोकात जात नाहीत, असा शेरा होता.

पोराला वाटले की कारखान्याला माल नको आहे म्हणून बहाणा केला जात आहे. तो मायक्रोमीटर घेऊन तिथे गेला आणि शून्य दाखवू लागला. तिथले तपासनीस वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी वाद घातला नाही. आपल्या पेटीतून पोलादाच्या दोन-तीन गुळगुळीत पट्ट्या काढल्या. त्यांना स्लिप गेज म्हणतात. ५.१ ची पट्टी लावली, मायक्रोमीटरने ५.१०० दाखवले. २५ ची लावली, बरोबर २५ दाखवले. मग १२.९ ची लावली, तर १२.८८८ दाखवले. १२ मायक्रॉन कमी! म्हणजे भाचा ज्या पिना ११.९९० समजत होता त्या प्रत्यक्षात १२.००२ होत्या. नशीब की पिना जाड होत्या, पुन्हा घासता आल्या. बारीक निघाल्या असत्या तर सगळे लोखंड भंगारात गेले असते. तरीही ग्राइंडिंगची मजुरी दोनदा गेली, भाडे दोनदा गेले, आणि त्या कारखान्याची पुढची ऑर्डर आजतागायत आलेली नाही.

परत आल्यावर भाचा मला म्हणाला, "मामू, दुकानदाराने तर माझ्यासमोर शून्य दाखवले होते. मग यात माझे काय चुकले?" मला उत्तर देता आले नाही. उर्दू शाळेत अकरावीला आम्हीही प्रयोगशाळेत स्क्रू गेज वापरला होता. 'झिरो एरर' काढायची, ती अधिक असेल तर वजा करायची, उणे असेल तर मिळवायची, एवढे पाठ करून मार्क मिळवले होते. शून्यावर बरोबर असलेले यंत्र मध्येच चुकू शकते, हे ना आम्हाला मास्तरांनी सांगितले ना आम्ही विचारले.

याचे कारण समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होते. मायक्रोमीटर म्हणजे अखेर एक अत्यंत बारकाईने कापलेला स्क्रू आहे. एक फेरा फिरवला की दांडी अर्धा मिलिमीटर सरकते. फिरणाऱ्या नळीवर ५० रेघा असतात, म्हणून एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. सगळी मदार त्या स्क्रूच्या आट्यांवर, ज्यांना आपले कारीगर चुडी म्हणतात. आता समजा हे यंत्र आधी अशा कारखान्यात होते जिथे दहा वर्षे रोज १२-१३ मिलिमीटरचाच माल मोजला गेला. मोजताना दाब पडतो तो त्याच आट्यांवर, आणि झिजतात तेही तेच. शून्याजवळचे आटे कोरे राहतात, २५ जवळचेही कोरे राहतात. शून्यावर मिटवून पाहिले तर यंत्र निर्दोष दिसते. गालिचा चारही कोपऱ्यांना नवा असावा आणि दाराजवळ, जिथून रोज पाय पडतो तिथे विरलेला असावा, तसा हा प्रकार आहे.

शिवाय शून्याचा फरक हा मायक्रोमीटरचा खरा दोष मुळी नाहीच. डबीत जी लहान चावी असते ती त्याचसाठी दिलेली असते. तिने आतली नळी किंचित फिरवली की शून्य जागेवर येते. एका मिनिटाचे काम. म्हणजे जे एका मिनिटात कोणीही दुरुस्त करू शकतो, तेच पाहून आपण यंत्र घेतो. उलट शून्य थोडे सरकलेले आहे म्हणून घासाघीस करून किंमत पाडणारेही मी पाहिले आहेत. असे यंत्र कदाचित फ्रेम पॉलिश करून शून्य जुळवून ठेवलेल्या यंत्रापेक्षा चांगले निघेल, कारण विकणाऱ्याने त्याला हात लावलेला नाही.

मग तपासायचे कसे? जाणकारांची रीत अशी की स्लिप गेजच्या दहा पट्ट्यांचा एक लहान संच असतो : २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५, १७.६, २०.२, २२.८ आणि २५. हे आकडे पाहून मला पहिल्यांदा हसू आले होते. सरळ ५, १०, १५, २० का नाही? भाच्याने त्या तपासनीस साहेबांकडून समजून घेतलेले उत्तर ऐकले तेव्हा मी मान डोलावली. सरळ आकडे घेतले तर फिरणारी नळी दरवेळी शून्याच्याच रेघेवर थांबते आणि फेऱ्याच्या इतर भागांत काही वाकडे असेल तर कळतच नाही. ५.१ ला नळी दहाव्या रेघेवर थांबते, ७.७ ला विसाव्या, १०.३ ला तिसाव्या, १२.९ ला चाळिसाव्या. अशा रीतीने लांबीही तपासली जाते आणि फेराही. या आकाराच्या चांगल्या मायक्रोमीटरमध्ये कुठेही ४ मायक्रॉनपेक्षा जास्त फरक नसावा असा मापदंड अनेक वर्षे चालत आलेला आहे. आपल्याकडे बाह्य मायक्रोमीटरसाठी आयएस २९६७ हे भारतीय मानक आहे.

परंतु या पट्ट्यांनाही फसवणारा एक दोष आहे, आणि तो मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. वर्षानुवर्षे बारीक तार किंवा पिना मोजल्या की मापाची दोन तोंडे मध्यभागी वाटीसारखी खोल होतात. मिटवले की कडा कडांना टेकतात आणि शून्य बरोबर येते. सपाट पट्टी धरली तर ती कडांवर टेकते, तेही बरोबर येते. बारीक पीन मात्र खोलगट भागात बसते आणि माप कमी दाखवते. हे ओळखण्यासाठी बेअरिंगमधला एक नवा, बारीक रोलर खिशात ठेवावा. तो तोंडाच्या मधोमध धरून मोजावा, मग वरच्या कडेला, खालच्या कडेला, डाव्या-उजव्या बाजूला. सगळीकडे एकच आकडा आला पाहिजे. कडेला जास्त आणि मध्ये कमी आला तर वाटी झाली आहे. एका बाजूला जास्त आणि समोरच्या बाजूला कमी आला तर तोंडे एकमेकांना समांतर राहिलेली नाहीत. बहुधा यंत्र कधीतरी जमिनीवर पडलेले असते. ज्यांच्या तोंडावर कार्बाइड बसवलेले असते ती लवकर झिजत नाहीत, पण कडेचा टवका उडालेला असू शकतो. कापडाचे धागे मोजायची जी भिंग आम्ही व्यापारी खिशात बाळगतो, तिच्याखाली असा टवका स्पष्ट दिसतो.

स्लिप गेज प्रत्येकाकडे नसतात, आणि जुन्या बाजारात तर कोणी ती घेऊन बसत नाही. त्यावर भाच्याने एक गरिबाचा तोडगा काढला आहे. नामवंत कंपनीची नवी लहान बॉल बेअरिंग फार महाग नसतात आणि त्यांचा बाहेरचा व्यास ठरलेला असतो : ६२४ नंबरचा १३ मिलिमीटर, ६२५ चा १६, ६२६ चा १९, ६०८ चा २२. साध्या दर्जाच्या बेअरिंगमध्ये हा व्यास ठरलेल्या मापाच्या वर जात नाही आणि खाली जास्तीत जास्त ८-९ मायक्रॉन जातो. म्हणून ६०८ मोजताना आकडा २१.९९ आणि २२.०० च्या दरम्यान आला तर ठीक. २१.९७ आला किंवा २२.०१ आला तर यंत्र तिथेच खाली ठेवावे. ही परीक्षा स्लिप गेजइतकी बारीक नाही. ४-५ मायक्रॉनचा फरक तिच्यातून निसटेल. परंतु दोन बेअरिंगे आणि एक रोलर एवढी शिदोरी खिशात असेल तर ढोबळ खोट तिथल्या तिथे कळते. भाच्याच्या खिशात त्या दिवशी ६२४ असते तर १२ मायक्रॉनचा संशय नक्की आला असता.

हाताने कळणाऱ्या गोष्टी कारीगरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत, त्यामुळे त्या भरभर सांगतो. शून्यापासून २५ पर्यंत नळी पूर्ण फिरवून पाहावी. वाटेत कुठे जड, कुठे ढिली लागत असेल तर त्या ढिल्या जागेची पट्टी किंवा बेअरिंग आधी लावावे. नळी एका बाजूला घासत असेल तर दांडी वाकली आहे, सौदा संपला. दांडी धरून पुढे-मागे हलवावी. थोडा खेळ आतल्या नटने काढता येतो, पण आटे सगळीकडे सारखे झिजले असतील तरच. ठरावीक जागीच झिजलेल्या आट्यांवर नट आवळला तर कोऱ्या जागी यंत्र जाम होते. लॉक लावल्यावर आकडा बदलतो का ते पाहावे. रॅचेट तीनदा फिरवून तीनदा तोच आकडा येतो का ते पाहावे. नळीवर पकडीचे दात उमटलेले असतील तर कोणा अडाण्याने ते उघडलेले आहे असे समजावे.

आणखी एक, हवामानाबद्दल. मापे २० अंश तापमानाला धरली जातात आणि आपल्या मालेगावात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काय असते ते सांगायला नको. यंत्र आणि पट्टी दोन्ही पोलादाची असतील आणि अर्धा तास शेजारी-शेजारी पडलेली असतील तर दोघे सारखेच वाढतात, फारसे बिघडत नाही. परंतु उन्हातल्या गाड्यावरून उचललेले यंत्र आणि खिशातली पट्टी यांची तुलना करून दुकानदाराला खोटा ठरवू नये. २५ मिलिमीटरचे पोलाद २० अंशांच्या फरकाने जवळजवळ ६ मायक्रॉन वाढते.

आता किमतीबद्दल. आपल्याकडे जुन्या मापाची किंमत तीन गोष्टींवर ठरते : कंपनीचे नाव, चकाकी आणि विकणाऱ्याची जीभ. मला वाटते की या तिन्हींना बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारावा. याचा फरक कुठे किती आहे, आणि माझ्या कामाला तेवढा चालतो का? सर्वत्र ४ मायक्रॉनच्या आत असलेले चांगल्या कंपनीचे जुने यंत्र नव्याच्या निम्म्या किमतीला घेणे मला महाग वाटत नाही. नवीन पण नाव-गाव नसलेल्या यंत्रापेक्षा मी ते पसंत करीन. नामवंत कंपन्यांच्या नावाची बनावट यंत्रे बाजारात फिरतात हेही लक्षात ठेवावे, विशेषतः आकडे दाखवणाऱ्या डिजिटल व्हर्नियरमध्ये. रॅचेट मोडलेले असेल तर भीती नाही. तो भाग बदलता येतो, तेवढी रक्कम वजा करावी. एका पट्ट्यातच झिजलेले यंत्र अगदी टाकाऊ नसते. ज्या कामात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची सूट आहे तिथे ते वर्षानुवर्षे चालेल, पण त्याची किंमत मग पाव हिश्शाहूनही खाली यायला हवी. वाकलेल्या दांडीचे यंत्र मात्र लोखंडाच्या भावानेच.

याच हिशेबाने काही वेळा बाजार ज्याला स्वस्त समजतो ते आपल्यासाठी मौल्यवान असते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांच्या कार्यशाळांमधली पुष्कळ साधने जुन्या बाजारात आली. त्यांतले इंग्रजी आणि अमेरिकन बनावटीचे इंची मायक्रोमीटर आजही कुठे कुठे दिसतात. मिलिमीटरच्या जमान्यात त्यांना गिऱ्हाईक कमी, म्हणून भावही कमी. परंतु आपल्या शहरात जुन्या साध्या मागांचे भाग अजूनही इंचाच्या आणि सुताच्या हिशेबाने बोलले जातात. ज्याचा धंदा त्या भागांचा आहे, त्याला चांगल्या स्थितीतला इंची मायक्रोमीटर जपानी मायक्रोमीटरपेक्षा जास्त उपयोगी. मात्र इंचाच्या हजाराव्या हिश्शाची एक रेघ म्हणजे २५ मायक्रॉनहून थोडी जास्त, हे विसरून तो बारीक कामाला वापरू नये.

विकणारा कॅलिब्रेशनचा दाखला दाखवतो तेव्हा पुष्कळ जण निर्धास्त होतात. दाखला असणे चांगलेच. पण तीन गोष्टी पाहाव्यात. दाखल्यावरचा नंबर यंत्रावर कोरलेल्या नंबराशी जुळतो का, तारीख कधीची आहे, आणि निरनिराळ्या मापांवरचा फरक आकड्यांत दिलेला आहे का. पाच वर्षांपूर्वीचा दाखला त्या दिवशीची प्रकृती सांगतो. त्यानंतर ते यंत्र किती हातांतून गेले आणि किती वेळा पडले हे तो सांगत नाही. मोठ्या कामासाठी घ्यायचे असेल तर एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्यावे आणि तो खर्च खरेदीच्या किमतीतच धरावा. ज्या यंत्रावरचा नंबर किंवा कारखान्याची खूण घासून काढलेली आहे, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. अशा मालाचा रस्ता बहुधा कोणाच्या तरी कारखान्याच्या मागच्या दारातून आलेला असतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे (पूर्वी भारतीय दंडविधानाचे कलम ४११, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७) आणि अशा कमाईत बरकत शोधणे व्यर्थ आहे.

हे सगळे लिहिताना मी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेलो नाही. आता माझी गोष्ट.

कापडाचे वजन पाहण्यासाठी आम्ही व्यापारी जीएसएम कटर वापरतो. गोल डबीसारखे यंत्र असते, आत पाती असतात. दाबून फिरवले की कापडाची गोल चकती कापून निघते. तिचे क्षेत्रफळ बरोबर १०० चौरस सेंटिमीटर असते, म्हणून तिचे वजन ग्रॅममध्ये काढून शंभराने गुणले की एका चौरस मीटरचे वजन मिळते. मी असा एक कटर एका बंद होणाऱ्या पेढीकडून जुना घेतला होता. त्यात काय पाहायचे ते मला माहीत नव्हते. पाती कापतात का, एवढे पाहिले. त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष माझ्याकडे येणारे ११० ग्रॅमचे कापड १०८ च्या आसपास भरू लागले. मी विणकरांना बोललो, सुताचा नंबर बदललात म्हणालो आणि बिलातून कपात केली. काहींनी कुरकुर केली. एक वयस्कर विणकर म्हणाला, "सेठ, सूत तेच, पीक तेच, माग तोच. तुमचा काटा बघा." मी काटा तपासून घेतला. काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का होता आणि काटा बरोबर होता. त्यामुळे माझी खात्री आणखी पक्की झाली.

पिनांचा प्रकार घडल्यानंतर भाचा एकदा पेढीवर बसला होता. त्याने सहज विचारले, "मामू, या चकतीचा व्यास किती असायला हवा?" मी हिशेब केला. १०० चौरस सेंटिमीटरसाठी ११२.८ मिलिमीटर. त्याने जाड पुठ्ठ्याची चकती कापली, कारण कापड ओढले की ताणते, आणि व्हर्नियरने चार बाजूंनी मोजली. १११.८ भरली. एक मिलिमीटर कमी. कोणीतरी पूर्वी पाती बदलताना ती किंचित आत बसवली असावीत. एका मिलिमीटरने काय होते असे वाटेल, पण वर्तुळाचा व्यास इतका घटला की क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन टक्के घटते. ११० ग्रॅमचे कापड १०८ दाखवते. दीड वर्ष मी ज्यांची कपात केली त्यांचे कापड पुरे होते. खोटे माझे यंत्र होते.

वह्या काढून हिशेब केला आणि ज्यांचे पैसे कापले होते त्यांना परत केले. दोघे जण धंदा सोडून दुसऱ्या गावी गेले आहेत, त्यांचे पैसे अजून माझ्याकडे अमानत म्हणून बाजूला आहेत. त्या वयस्कर विणकराने पैसे घेतले, पण पुन्हा माझ्या पेढीला माल दिला नाही. मी त्याला दोष देत नाही.

मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात 'अल-मुतफ्फिफीन' ही स्वतंत्र सूरह आहे हे आपल्यातल्या मुलांनाही ठाऊक असते. तराजू आणि गज यांच्यापुरता आपण तिचा विचार करतो. जो माणूस खोटे मापयंत्र खरे म्हणून विकतो, तो तर विकत घेणाऱ्याच्या हातून पुढे शेकडो लोकांना खोटे माप देवववतो, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. फिकहमध्ये 'खियार-उल-ऐब' आहे, म्हणजे लपलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा खरीददाराचा हक्क. आपल्या जुन्या बाजारांत मात्र 'एकदा विकलेला माल परत नाही' अशी पाटी असते, आणि ती पाटी लावणाऱ्यांत आपले लोक कमी नाहीत.

माझे म्हणणे दुकानदारांच्या विरोधात नाही. जुन्या मालाचे दुकानदार गरीब कारीगराला यंत्र मिळवून देतात, त्यांच्यामुळे कितीतरी वर्कशॉप उभी राहिली. पण त्यांनी एक करावे. प्रत्येक मापयंत्राच्या डबीत एक चिठ्ठी ठेवावी : ५ वर इतका फरक, १३ वर इतका, २५ वर इतका, तोंडे सपाट आहेत किंवा नाहीत, तपासल्याची तारीख आणि सही. ज्याला तपासता येत नाही त्याने 'तपासलेले नाही' असे लिहावे आणि त्याप्रमाणे किंमत घ्यावी. यात दुकानदाराचे नुकसान नाही. चिठ्ठी असलेल्या यंत्राला भाचा आज शंभर-दोनशे रुपये जास्त द्यायला तयार आहे, आणि त्याच्यासारखे दुसरेही देतील. आपण खरीददारांनीही चिठ्ठी मागायची सवय लावली पाहिजे. फरक लिहून देणाऱ्याला 'याचा माल खराब' असे म्हणून सोडून जाणे आणि गोड बोलणाऱ्याकडून घेणे, हे आपण करत राहिलो तर चिठ्ठी कोण लिहील?

दुसरी सूचना आमच्या शहरातल्या वर्कशॉपवाल्यांसाठी आहे. स्लिप गेजचा मोठा संच एकट्याला परवडत नाही, पण मायक्रोमीटर तपासण्याचा दहा पट्ट्यांचा संच आठ-दहा जणांनी मिळून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार रक्कम येत नाही. तो एका विश्वासू उस्तादाकडे ठेवावा. त्याने दर तीन महिन्यांनी सगळ्यांची यंत्रे तपासून वहीत नोंद करावी आणि बाहेरचा कोणी जुना मायक्रोमीटर घेऊन आला तर थोडी फी घेऊन तपासून द्यावा. संच स्वतः दोन-एक वर्षांनी प्रयोगशाळेत पाठवावा लागेल, तो खर्च फीमधून निघेल. माझ्या हिश्शाचे पैसे मी भाच्याकडे देऊन ठेवले आहेत. चार जण आणखी तयार झाले आहेत.

भाच्याने तो जपानी मायक्रोमीटर फेकला नाही. डबीच्या झाकणाला आतून त्याने उर्दूत आणि मराठीत लिहून ठेवले आहे : '११ ते १४ मध्ये १२ मायक्रॉन कमी दाखवतो, बाकी ठीक.' खरडकामाला तो अजून वापरतो. गेल्या महिन्यात एका ओळखीच्या पोराने तो विकत मागितला. भाच्याने आधी झाकण उघडून दाखवले, आणि मग भाव सांगितला.